खुरावरचे हाड

श्रावणी अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी कळंब तालुक्यात गावोगाव बैलांची खांदेमळणी होते. नदीवर अथवा विहिरीवर धुऊन आणलेल्या बैलांच्या खांद्यांना, म्हणजे जेथे वर्षभर जू बसलेले असते त्या जागेला, हळद-लोणी चोळले जाते. दुसऱ्या दिवशी पोळा. शिंगांना रंग, पाठीवर झूल, कपाळावर बाशिंग आणि मुखी पुरणपोळी. याच दिवसांत स्थानकांत आणि देरासरांत पर्युषण चाललेले असते. श्रावण वद्य पक्षाच्या अखेरीस आरंभ होणारे हे पर्व भाद्रपद शुद्ध चतुर्थी-पंचमीला संवत्सरीने पूर्ण होते आणि पोळ्याची अमावास्या त्याच्या मध्यात येते. घराबाहेर वाजतगाजत बैल जात असतात आणि घरात उपवासाचे पच्चक्खाण घेतले जात असते, हा देखावा मराठवाड्यातील व्यापारी कुटुंबांना नवा नाही.

संवत्सरीच्या सायंकाळी प्रतिक्रमणात श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार उच्चारले जातात. बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाननिरोध. दोन्ही संप्रदायांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातही हेच पाच येतात. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीपलीकडे ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे, असा त्यांचा सरळ अर्थ. पाठ असल्यामुळे ही यादी ओठांवरून सहज निघून जाते. शांतपणे वाचली तर ध्यानी येते, की ज्याच्या दारी गोठा आहे आणि ज्याचा माल गाडीतून जातो, अशा माणसाला समोर ठेवून ती केलेली आहे. नोकर-चाकरांनाही ती लागू होते. पण तिच्या प्रत्येक शब्दामागे उभा दिसतो तो बैल.

उपासकदशांगातील पहिला श्रावक आनंद हा वाणिज्यग्रामचा धनाढ्य गृहस्थ. त्याच्याकडे दहा दहा हजार गाईंची चार गोकुळे होती. भगवान महावीरांसमोर परिग्रहाचे परिमाण करताना त्याने आपल्या गाड्यांचीही मर्यादा घातली, दूरदेशी जाणाऱ्या पाचशे आणि जवळची वाहतूक करणाऱ्या पाचशे. प्रत्येक गाडीला दोनच बैल धरले तरी दोन हजार बैल होतात. अतिभाराचा अतिचार अशा माणसाला ऐकवला गेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या शब्दाचे वजन कळते.

गेल्या शतकभरात वाढलेली एक विद्याशाखा नेमक्या याच गोष्टी हाडांवरून वाचते. प्राचीन वस्त्यांच्या उत्खननात मिळणाऱ्या प्राण्यांच्या अवशेषांचा अभ्यास, ज्याला आर्किओझूऑलॉजी म्हणतात, तो हा. जैन वाचकाला या विषयाकडे वळताना थोडा संकोच वाटणे स्वाभाविक आहे. शास्त्रात अस्वाध्यायाची जी कारणे सांगितली आहेत त्यांत अस्थी, मांस आणि रक्त यांचे सान्निध्य स्पष्ट सांगितलेले आहे. हाड जवळ असेल तर ग्रंथ मिटावा असा दंडक. आणि येथे तर हाड हाच ग्रंथ. मात्र या अभ्यासासाठी कोणाचा प्राण घ्यावा लागत नाही. जे हजारो वर्षांपूर्वी मरून उकिरड्यात पडले, गाळात बुजले, तेच अभ्यासकाच्या टेबलावर येते.

भारतात या कामाला सिंधू संस्कृतीच्या उत्खननांपासून गती आली. हडप्पा येथील प्राण्यांच्या अवशेषांवर बैनी प्रसाद यांचा ग्रंथ १९३६ साली निघाला. महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केले. जी. एल. बदाम, पी. के. थॉमस, प्रमोद जोगळेकर अशा अभ्यासकांनी तेथे अनेक वस्त्यांतील हाडांचे ढीग निवडले, मोजले आणि त्यांचे अहवाल सिद्ध केले. ढीग हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. उत्खननात सोने-नाणे क्वचित मिळते, मूर्ती त्याहून थोड्या अधिक. खापरे आणि हाडे मात्र पोत्यांनी मिळतात. बहुतेक हाडे फुटकी, जळकी, कुत्र्यांनी चावलेली असतात.

अशा तुकड्यावरून प्राणी ओळखायचा तो तुलनेने. प्रयोगशाळेत आजच्या प्राण्यांचे ओळख पटलेले सांगाडे ठेवलेले असतात आणि तुकडा एकेका सांगाड्याशी ताडून पाहिला जातो. काही जोड्या मोठ्या फसव्या असतात. शेळी आणि मेंढी यांची पुष्कळशी हाडे इतकी सारखी, की जाणकारही ‘शेळी अथवा मेंढी’ असा एकत्र शेरा मारून पुढे जातो. खात्री नसेल तेथे नाव घालायचे नाही, हा या विद्येचा शिरस्ता. संशयाची रक्कम अनामत खात्यात ठेवून ताळेबंद मिटवणाऱ्या जुन्या हिशेबनिसाला तो ओळखीचा वाटेल. आपल्याकडील गाय-बैल मात्र एका ठिकाणी निश्चित ओळखू येतात. वशिंड हे मांसल असल्याने ते मातीत उरत नाही. परंतु वशिंडाच्या जातीच्या गुरांत पाठीच्या काही मणक्यांचे वर निघालेले टोक दुभंगलेले असते. तेवढा एक तुकडा हाती लागला तरी देवणी, लाल कंधारी, खिल्लार यांच्या पूर्वजांचा पत्ता लागतो.

वय दातांवरून कळते, तसेच नळीच्या हाडांची टोके जुळून आली आहेत की नाहीत यावरूनही कळते. कळपातील नर दोन-तीन वर्षांच्या आतच मारले गेले असतील तर तो कळप मांसासाठी पाळला होता, असे अनुमान निघते. जनावरे म्हातारी होईपर्यंत जगली असतील तर दूध, शेण, नांगर आणि गाडी यांसाठी त्यांना ठेवले होते, असे समजावे. मृत्यूच्या वयांची ही यादी करणे म्हणजे मालकाच्या मनातला हेतू त्याला न विचारता जाणून घेणे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर याचा सर्वांत मोठा दाखला पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे आहे. घोड नदीच्या काठी १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यामागची प्रमुख नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे त्या जागी शेतकऱ्यांची वस्ती होती. सव्वाशेहून अधिक घरांचे अवशेष तेथे उघडे झाले. गाय-बैल, म्हैस, शेळी-मेंढी, कुत्रा, डुक्कर हे पाळीव प्राणी आणि काळवीट, चितळ, सांबर, ससा हे रानातले, शिवाय मासे व कासवे, यांची हाडे त्या घरांच्या आसपास मिळाली. त्यांतील अनेक हाडांवर कापल्याच्या आणि भाजल्याच्या खुणा आहेत. गुरांच्या हाडांवरही आहेत.

काही वाचकांना हे वाक्य जड जाईल. महाराष्ट्राच्या मातीत पहिल्याने शेती करणारी ही माणसे मांस खात होती, याबद्दल शंका उरत नाही. त्यावरून वाद घालणारे दोन्ही बाजूंनी पुष्कळ भेटतात. एक म्हणतो हे सारे रचलेले आहे, दुसरा म्हणतो मग अहिंसेचा आग्रह तरी कशाला. दोघेही हाडाला साक्षीदार न मानता वकील करू पाहतात. तीर्थंकरांनी उपदेश केला तो हिंसा जगात होती म्हणूनच केला. इनामगावचे शेतकरी शाकाहारी होते असे सिद्ध झाल्याने अहिंसेचे काही वाढणार नव्हते, आणि ते तसे नव्हते म्हणून तिचे काही घटत नाही.

त्या वस्तीच्या हाडांत याहून अधिक विचार करण्याजोगी एक गोष्ट आहे. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास, वस्तीच्या शेवटच्या कालखंडात, चित्र पालटते. आधीची प्रशस्त चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात, शेतीतील पीक खालावते, गुरांचे प्रमाण घटते आणि शेळ्या-मेंढ्या वाढतात. ढवळीकरांनी याचा अर्थ पर्जन्यमान कमी झाल्याशी जोडला. चाऱ्यावाचून मोठी जनावरे पोसवेनात, तेव्हा लोक शेळ्या-मेंढ्यांमागे भटकू लागले, असे त्यांचे म्हणणे. केवळ हवामानावर एवढा भार टाकणे काही अभ्यासकांना मान्य नाही. परंतु ज्यांनी मराठवाड्यातील १९७२ चा दुष्काळ पाहिला किंवा अलीकडच्या चारा छावण्या पाहिल्या, त्यांना तो क्रम समजावून सांगावा लागत नाही. अडचणीच्या वर्षी शेतकरी प्रथम बैलजोडी बाजारात नेतो आणि शेळ्या राखतो. मोठे भांडवल मोडून लहान, लवकर वाढणारे भांडवल जवळ ठेवण्याचा हा व्यवहार तीन हजार वर्षांत फारसा बदललेला नाही.

आता अतिभाराकडे वळू. गाडी ओढणाऱ्या बैलाचा खांदा सोलतो, त्यावर घट्टे पडतात, म्हणून माणूस खांद्याला लोणी लावतो. पण खांद्याची कातडी मातीत नाहीशी होते. ओझ्याची नोंद टिकते ती पायात. बैलाच्या प्रत्येक खुराचे दोन भाग असतात आणि प्रत्येक भागाच्या वर बोटाची तीन पेरे असतात. चार पायांची मिळून ही हाडे चोवीस होतात. जोर लावून ओझे ओढताना साऱ्या देहाचा रेटा या चोवीस हाडांवर येतो. वर्षानुवर्षे तसे झाले म्हणजे सांध्याच्या कडेने हाडाचा नवा थर चढतो, कडा ओठासारख्या बाहेर वळतात, पृष्ठभाग खडबडीत होतो, आणि पेरांच्या वरच्या नळीच्या हाडाचे खालचे टोक पसरट होऊन एका अंगाला अधिक रुंदावते.

हे अनुमान पक्के करण्यासाठी युरोपातील अभ्यासकांनी रोमानियातील शेतकऱ्यांकडे आयुष्यभर कामाला जुंपलेल्या बैलांच्या पायांची हाडे तपासली आणि काम न केलेल्या तरुण वळूंच्या हाडांशी ती ताडून पाहिली. त्यांचा ग्रंथ १९९७ साली आला आणि त्यात या विकृतींना अंश देऊन मोजण्याची रीत घालून दिली. तिच्यामुळे ‘हा बैल राबला असावा’ या मोघम शेऱ्याऐवजी किती राबला याचा अंदाज बांधता येऊ लागला. लॉरा मिलर यांनी हडप्पा येथील गुरांच्या पायांची हाडे याच दृष्टीने पाहिली, आणि साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या नगरातील जनावरांच्या हाडांत ओढकामाशी जुळणारे विकार त्यांना आढळले. विटांची ती नगरे आणि धान्याची ती आवक बैलांच्या पायांवर उभी होती, हे पूर्वी चिखलाच्या खेळण्यातल्या गाड्यांवरून केवळ तर्काने सांगत. आता प्रत्यक्ष पायच बोलला. यात एक सावधगिरी हवी. वार्धक्याने आणि देहाच्या भारानेही असेच विकार होतात. म्हणून एका हाडावरून निकाल देत नाहीत; अनेक हाडे, त्यांची वये आणि पुढच्या-मागच्या पायांतील फरक पाहूनच मत बनवतात.

उरलेल्या अतिचारांपैकी छविच्छेद हाही हाडात उतरतो. गोऱ्हा खच्ची केला म्हणजे त्याची वाढ निराळ्या रीतीने होते. नळीच्या हाडांची टोके उशिरा जुळतात, त्यामुळे बैलाचे पाय वळूच्या पायांपेक्षा लांब आणि सडपातळ निघतात. हाडांची मापे घेऊन मांडली, की गाय, वळू आणि बैल असे तीन गट वेगळे होऊ शकतात. श्रावकाला वर्ज्य म्हणून सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत निर्लांछन कर्म, म्हणजे जनावरे खच्ची करण्याचा व डागण्याचा धंदा, स्वतंत्रपणे गणला आहे. अन्नपाननिरोधाची खूण दातात सापडते. दात घडत असताना जनावराची उपासमार झाली किंवा त्याला मोठे आजारपण आले, तर दाताच्या कवचावर आडवी रेघ वा खळगा राहतो, आणि तो मरेपर्यंत भरून येत नाही. माराने मोडलेली बरगडी सांधली गेली तरी सांध्याची गाठ दिसते; अर्थात ती गाठ काठीची की पडण्याची, हे हाड सांगू शकत नाही. बंधाची खूण सर्वांत पुसट. दावे मातीत कुजून जाते.

धाराशिव जिल्ह्याच्या व्यापारी इतिहासाचा आरंभ जेथून सांगतात त्या तेरकडे या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी वाटांच्या पुस्तकात पैठण आणि तगर यांची नावे शेजारी शेजारी येतात. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असे अंतर त्याने दिले आहे. तगरातून साधे कापड आणि तलम मलमल मोठ्या प्रमाणावर निघत असे, आणि हा माल रस्ता नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून गाड्यांवर घालून भडोचच्या बंदरावर नेत, असेही तो नोंदवतो. रस्ता नसलेला मुलूख हे शब्द वाचून रोमच्या बाजारातील गिऱ्हाईक थक्क होत असेल. काळ्या मातीतून पावसाळ्यानंतर भरलेली गाडी ओढणे काय असते, हे मात्र मराठवाड्यातल्या माणसालाच ठाऊक. महिनाभराच्या त्या वाटेचा खर्च कापडाच्या किमतीत धरला जात असणार. बैलाच्या पेरावर चढलेला थर कोणत्याच पट्टीत लागला नाही.

तगरच्या व्यापाराशी प्राण्यांच्या अवशेषांचा आणखी एक धागा जुळतो, आणि तो श्रावकाला थेट स्पर्श करणारा आहे. तेर येथे एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी साम्य असलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेई येथे सापडली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गडप झालेल्या घरात ती होती. जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननातही तशाच धाटणीच्या हस्तिदंती मूर्तीचा तुकडा मिळाला. भडोचहून निघणाऱ्या मालाच्या यादीत पेरिप्लसकाराने हस्तिदंत नोंदवलेला आहेच. कलावस्तू म्हणून या मूर्तीचे कौतुक सर्वत्र होते आणि ते रास्त आहे. परंतु हस्तिदंत हा हत्तीचा दात आहे, आणि पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य म्हणून जो धंदा गणला तो हाच. दात, नखे, शिंगे, हाडे यांचा व्यापार करणारा स्वतः हत्ती मारीत नाही. तो फक्त आगाऊ रक्कम देतो, आणि मग रानात कोणीतरी मारतो. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात या धंद्यांची फोड केली आहे, ती वाचताना त्यांना बाजाराची रीत किती बारकाईने ठाऊक होती हे जाणवते. भारत सरकारने वन्यजीव कायद्यात १९९१ साली दुरुस्ती करून आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापारही बंद केला, त्यामागे हाच विचार होता, की मागणी चालू ठेवून हत्या थांबत नाही.

त्याच पंधरांत शकटकर्म आणि भाटककर्म हेही आहेत. पहिले गाड्या घडवण्या-विकण्याचे, दुसरे गाड्या आणि जनावरे भाड्याने देण्याचे. मोंढ्यात पिढ्यान्‌पिढ्या आडत केलेल्या घरांना ही नावे अस्वस्थ करणारी आहेत. बार्शी लाईट रेल्वेचा फाटा १९११ साली लातूरपर्यंत पोहोचला तरी कळंब गावाला रेल्वे लाभली नाही. मालमोटारी सर्रास होईपर्यंत येथील ज्वारी, तूर, हरभरा शेतातून मोंढ्यापर्यंत आणि मोंढ्यातून स्टेशनापर्यंत बैलगाडीनेच जात असे. चाबूक गाडीवानाच्या हाती होता हे खरे. पण श्रावकाचे पहिले व्रत दोन करणांनी घेतलेले असते, स्वतः करणार नाही आणि दुसऱ्याकडून करवणार नाही. गाडीत किती पोती भरायची हे अनेकदा गाडीवान ठरवीत नसे, आणि भाडे पोत्यामागे ठरले की आणखी दोन पोती चढवण्याचा मोह कोणाला होणार, हे सांगायला हिशेबाचे फार ज्ञान लागत नाही.

आज मोंढ्यात ट्रॅक्टर आणि ट्रक आहेत. बैल उरला तो उसाच्या फडात. गाळपाच्या हंगामात मराठवाड्यातील रस्त्यांवर टायरच्या बैलगाड्यांची रांग दिसते. चढावर बैलांचे पुढचे गुडघे वाकलेले, मान जुवाखाली दबलेली. तोडणीचे आणि वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, हंगामाच्या आरंभी घेतलेली उचल फेडायची असते, त्यामुळे ओझे कमी करणे गाडीवानाला परवडत नाही. त्याला निर्दय म्हणणे सोपे आहे, पण त्याच्याही खांद्यावर जू आहे. सरकारने १९६५ साली ओढकामाच्या आणि ओझेवाहू जनावरांसाठी नियम केले. बैलाच्या आकारावरून व चाकाच्या प्रकारावरून ओझ्याची कमाल मर्यादा घालून दिली. दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक आणि सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये, तसेच जेथे तापमान सदतीस अंशांच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये, असेही त्या नियमांत आहे. हे नियम कागदावर स्वच्छ आहेत. उसाच्या काट्यावर गाडीचे वजन दररोज होतेच. तेथे मर्यादेचा आकडा टांगून ठेवणे ही फार खर्चाची गोष्ट नव्हे, आणि कारखान्यांच्या भागधारकांत, पुरवठादारांत व्यापारी कुटुंबेही आहेत.

कळंबची नदी मांजरा. तिच्या गाळात याहूनही जुनी हाडे आहेत. लातूर जिल्ह्यात गांजूर, हारवाडी अशा ठिकाणी नदीने कापलेल्या दरडींतून हिमयुगातील प्राण्यांचे जीवाश्म मिळाले आहेत आणि डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी मांजरेच्या खोऱ्यात त्यांचा शोध घेतला आहे. रानटी गुरे आणि हत्ती यांच्या बरोबरीने पाणघोड्याचेही अवशेष या खोऱ्यातून कळले. ज्या नदीत आता उन्हाळ्यात पाय भिजेल एवढे पाणी मिळत नाही तेथे पाणघोडे डुंबत होते, हे मुलांना सांगितले तर ती हसतात. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे तर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा नक्षी कोरलेला तुकडा मिळाला, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. तेव्हा जू नव्हते, गाडी नव्हती. त्या रानटी गुरांच्या पायांवर कोणाच्या ओझ्याचा थर नाही.

हे अवशेष वाळूच्या उपशात, विहिरीच्या खोदाईत आणि वीटभट्टीच्या मातीत दरवर्षी नष्ट होतात. दगडासारखे जड हाड हाती आले की मजूर ते बाजूला फेकतो किंवा राक्षसाचे हाड म्हणून घरी नेतो. ज्यांच्या शेतात विहिरीचे काम निघाले आहे, त्यांनी मुकादमाला एवढे सांगून ठेवावे, की असे काही दिसले तर ते उपटू नये आणि धुऊ नये, कारण भोवतीच्या मातीवरूनच त्याचा काळ ठरतो. तहसील कार्यालयाला अथवा तेरच्या संग्रहालयाला कळवता येते. ते संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावातून आणि शेतांतून जमवलेल्या वस्तूंतून उभे राहिले आहे, आणि हस्तिदंती मूर्ती पाहायला एकदा मुलांना तेथे नेण्यासारखे आहे. कळवण्यापूर्वी वहीत चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: तारीख, गट नंबर, किती फुटांवर मिळाले आणि कोणाच्या हाती लागले.